मागाची साक्ष : झेनोफनच्या मृगयाग्रंथांतील श्वानशिक्षणाचें परीक्षण

मृगयाविषयक जुन्या पोथ्यांकडे संशोधकांची दृष्टि वळते ती बहुधा दोन कारणांनीं. एक, त्यांतील चित्रें. दुसरें, त्यांत येणारीं राजांचीं व सरदारांचीं नांवें. चित्रें सूचींत जातात, नांवें वंशावळींत जातात, आणि पोथीचा मुख्य मजकूर, म्हणजे जनावराचा माग कसा काढावा, कुत्रा कसा निवडावा व कसा शिकवावा, हा हौशी लोकांचा विषय म्हणून तसाच राहतो. वस्तुतः असल्या ग्रंथांचा खरेपणा पाहावयाचा तर तो याच मजकुरांत पाहिला पाहिजे. राजाची स्तुति कोणासही रचितां येते. परंतु आठ महिन्यांच्या पिल्लास रानांत काय करूं द्यावें व काय करूं देऊं नये, हें ज्यानें कुत्रे बाळगले आहेत त्यासच लिहितां येतें.

या दृष्टीनें ग्रीक ग्रंथकार झेनोफन याच्या 'किनेगेटिकोस' या लहानशा ग्रंथाचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे; आणि तेंही एकाच अंगानें, कीं कोवळ्या शिकारी कुत्र्यास सावजाचा वास लागला असतां त्यानें तें धन्यास कसें कळवावें, व तें खरें कळवावें म्हणून त्यास कसें वळण लावावें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, या ग्रंथांत कुत्र्याच्या खुणेस साक्षीची योग्यता दिलेली आहे, तिची छाननी केलेली आहे, आणि हा धागा हातीं धरिला म्हणजे ज्या शेवटच्या प्रकरणास अनेक विद्वान् ठिगळ समजतात तें ग्रंथाचेंच अंग ठरतें.

१. ग्रंथ आणि ग्रंथकार

झेनोफन हा अथेन्स नगरचा. जन्म इ. स. पू. ४३० च्या सुमारास, मृत्यु इ. स. पू. ३५४ च्या सुमारास. सॉक्रेटिसच्या सहवासांत वाढलेला, पेशानें शिपाई. इराणच्या धाकट्या सायरसच्या चाकरीस गेलेल्या ग्रीक सैन्याच्या परतीची हकीकत त्यानें 'अनाबासिस' ग्रंथांत लिहिली, ती प्रसिद्धच आहे. त्याच ग्रंथाच्या पांचव्या भागांत ऑलिंपियाजवळील स्किल्लूस येथें त्यास मिळालेल्या वतनाचें वर्णन येतें. तेथें त्यानें आर्टेमिस या मृगयादेवीचें देऊळ बांधिलें, आणि देवीच्या उत्सवासाठीं त्याचे मुलगे व गांवकरी शिकार करीत, असें तो सांगतो. शिकारीवर लिहिण्याचा अधिकार त्यास होता हें यावरून उघड आहे.

'किनेगेटिकोस' याचा अर्थ मृगयेविषयींचा ग्रंथ. ग्रीक भाषेंत शिकाऱ्यास जो सामान्य शब्द आहे त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'कुत्र्यांस घेऊन चालणारा' असा होतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ग्रंथाचीं प्रकरणें १३. हरिण, रानडुकर व परदेशांतील हिंस्र पशु यांच्या शिकारीचा विचार त्यांत आहे. तथापि मोठा भाग सशाच्या शिकारीचा आहे, आणि ती घोड्यावरून न करतां पायीं, कुत्रे व वाघुरा यांच्या साह्यानें करावयाची आहे. कुत्र्यांनीं माग काढून ससा उठवावयाचा व वाघुरेकडे रेटावयाचा, अशी ही रीत होय. तेव्हां सगळा डाव कुत्र्याच्या नाकावर, आणि त्या नाकास जें कळलें तें माणसास कळण्यावर अवलंबून राहतो.

हा ग्रंथ झेनोफनचाच काय, याविषयीं वाद आहे. लुडविग राडेरमाखर या जर्मन पंडितानें १८९६ व १८९७ सालीं लिहिलेल्या निबंधांत भाषाशैलीच्या आधारें त्याचें कर्तृत्व नाकारिलें. उलट पक्षीं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील आरियन हा ग्रंथकार तो निःशंकपणें झेनोफनचा समजून चालतो, व त्याची पुरवणी म्हणून त्याच नांवाचा स्वतःचा ग्रंथ लिहितो. १९२५ सालीं मार्चंट यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर मूळासह छापलें गेलें, आणि १९९९ सालीं फिलिप्स व विलकॉक यांनीं झेनोफन व आरियन या दोघांचे मृगयाग्रंथ एका पुस्तकांत एकत्र आणिले. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचण्याची सोय त्यामुळें झाली आहे, आणि तसेच ते वाचले पाहिजेत.

२. खोट्या खुणांची गणना

तिसऱ्या प्रकरणांत ग्रंथकार कुत्र्यांच्या दोन जाती सांगतो. एक, कास्तोर या वीराच्या आवडीची म्हणून त्याच्या नांवानें ओळखली जाणारी. दुसरी, कुत्रा व कोल्हा यांच्या संकरापासून झालेली. ही दुसरी उत्पत्ति आज कोणीही मान्य करणार नाहीं. कुत्रा व कोल्हा यांपासून संतति होत नाहीं. लोकवार्तेवर विसंबून लिहिलेला हा भाग ग्रंथाचा दुबळा भाग होय.

परंतु जातींची चर्चा संपवून तो जेव्हां मागावर चालणाऱ्या कुत्र्यांकडे वळतो, तेव्हां लेखणी एकदम बदलते. कांहीं कुत्रे, तो म्हणतो, माग लागला तरी कसलीच खूण देत नाहींत. ते मागावर आहेत हें कळतच नाहीं. कांहीं केवळ कान हलवितात, शेपूट स्थिर ठेवितात. कांहींचे कान स्थिर राहून शेपटीचें टोंक तेवढें हलतें. कांहीं कान आवळून, कपाळास आंठ्या घालून, शेपूट पायांत घेऊन मागावरून धांवतात. पुष्कळ तर यांतलें कांहींच करीत नाहींत. मागाभोंवतीं वेड्यासारखे भुंकत फिरतात, आणि माग सांपडला म्हणजे तोच पायांखालीं तुडवून टाकितात.

यापुढें जे दोष येतात ते अंगाचे नसून वर्तनाचे आहेत. कांहीं कुत्रे स्वतःवर फाजील भरंवसा ठेवून टोळींतील शहाण्या कुत्र्यांस पुढें जाऊं देत नाहींत, ओरडून ओरडून त्यांस मागें रेटितात. कांहीं जाणूनबुजून खोट्या मागास कवटाळतात, आणि हातीं लागेल त्या मागावर मोठ्या आवेशानें पुढारीपण करितात. आणि कांहीं हेंच अजाणतां करितात. फसविणारा व फसलेला यांमध्यें ग्रंथकारानें केलेला हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. खोटी खूण एकच, परंतु तिचीं मुळें दोन. आणि ज्यास कुत्रा सुधारावयाचा आहे त्यानें आधीं मूळ कोणतें हें ओळखिलें पाहिजे. यांतले कांहीं दोष स्वभावाचे व कांहीं नीट न शिकविल्यामुळें आलेले, असेंही तो तेथेंच सांगतो.

या परिच्छेदाकडे कुत्र्यांच्या चेष्टांचें गमतीचें वर्णन म्हणून पाहण्याची प्रवृत्ति आहे. ती चुकीची वाटते. पुढच्या, म्हणजे चौथ्या प्रकरणांत खऱ्या खुणांचें वर्णन येतें, व त्याच्याशीं हा परिच्छेद ताडून पाहिला म्हणजे त्याचा हेतु स्पष्ट होतो. ससा जवळ आला म्हणजे चांगल्या कुत्र्याची चाल झपाट्याची होते. त्याचा आवेश, डोकें, डोळे, अंगाची बदललेली ठेवण, सशाच्या दडणीकडे पुनःपुनः जाणारी नजर, पुढें मागें व बाजूस मारलेल्या उड्या आणि मनाचा उल्हास या सर्वांवरून तो धन्यास सांगतो कीं सावज येथेंच आहे. म्हणजे खरी खूण ही एक हालचाल नव्हे. ती अनेक लक्षणांचा मेळ होय, आणि त्यांतील प्रत्येक लक्षण दुसऱ्यास दुजोरा देतें. एकट्या कानावर किंवा एकट्या शेपटीच्या टोंकावर विश्वासूं नये, हा तिसऱ्या प्रकरणाचा धडा येथें पुरा होतो. एकाकी पुराव्यावर निर्णय देऊं नये हें तत्त्व आमच्या वाचकांस नवीन नाहीं. तें इतक्या जुन्या काळीं, तेंही कुत्र्याच्या बाबतींत, इतक्या रेखीवपणें मांडलेलें पाहून मात्र ग्रंथकाराविषयीं आदर वाटतो.

३. पिल्लांचें शिक्षण

शिक्षणाचा क्रम सातव्या प्रकरणांत आहे. पिल्लांस नांवें आंखूड ठेवावीं, म्हणजे हांक मारण्यास सोपें पडतें, असें सांगून ग्रंथकारानें नांवांची लांबलचक यादीच दिली आहे. मादी पिल्लांस आठव्या महिन्यांत व नरांस दहाव्या महिन्यांत रानांत न्यावें. सशाच्या दडणीकडे जाणाऱ्या मागावर त्यांस मोकळें सोडूं नये. लांब दोरीनें बांधून, माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या मागोमाग न्यावें, आणि त्या मागावरून त्यांस धांवूं द्यावें.

ससा उठला तरी धांवण्यास सुडौल असलेलें पिल्लूं तत्काळ सोडूं नये. ससा दूर जाऊन दिसेनासा झाला म्हणजे मगच दोरी सोडावी. याचें कारण ग्रंथकार देतो तें शरीराचें आहे : डोळ्यांसमोर ससा पाहून तेजस्वी पिल्लूं शक्तीबाहेर धांवतें, आणि अंग अजून भरलेलें नसल्यामुळें त्यास इजा होते. जीं पिल्लें धांवण्यास बेडौल आहेत त्यांस लगेच सोडण्यास हरकत नाहीं, कारण तीं लवकरच आशा सोडितात.

येथें थोडी चिकित्सा केली पाहिजे. कारण शरीराचें दिलें असलें तरी या रीतीचें फळ नाकाच्या शिक्षणांत मिळतें. ससा दिसेनासा झाल्यावर सुटलेल्या पिल्लास डोळ्यांचा उपयोग राहत नाहीं. त्यास खालीं मान घालून वासच शोधावा लागतो. शिवाय पुढें जाणता कुत्रा असल्यामुळें त्याच्या कानांशेपटीच्या हालचाली व मागाचा वास या दोन्ही गोष्टी पिल्लास एकाच वेळीं मिळतात. दोरी मारण्यासाठीं नाहीं, घाई थांबविण्यासाठीं आहे. ग्रंथकारानें हा दुसरा लाभ शब्दांनीं सांगितला नाहीं, ही त्याच्या विवेचनांतील उणीव म्हणतां येईल. परंतु सांगितलेली कृति अचूक आहे, आणि ती प्रत्यक्ष अनुभवावांचून सुचणारी नव्हे.

बक्षिसाचाही विचार त्यानें केला आहे. पिल्लांनीं पाठलाग करून ससा धरला तर तो त्यांस फाडूं द्यावा. रोजचें खाणें शिकाऱ्यानें स्वतःच्या हातानें घालावें. कारण पोटास मिळालें नाहीं तर दोष कोणाचा हें कुत्र्यास कळत नाहीं, परंतु भुकेच्या वेळीं जो देतो त्याच्यावर तो प्रेम करितो. हें वाक्य ज्यानें लिहिलें त्यानें कुत्र्याच्या मनाचा ठाव घेतला होता. त्याचप्रमाणें सहाव्या प्रकरणांत कुत्र्यांस कोल्ह्याच्या मागें लागूं देऊं नये, त्यानें ते पार बिघडतात व हवे तेव्हां हातीं राहत नाहींत, असा इशारा आहे. सावज कोणतें व कोणतें नव्हे हें ठरलें नाहीं तर खुणेस अर्थच उरत नाहीं, हें त्यामागील मर्म होय.

या सर्वांस पांचव्या प्रकरणाची जोड द्यावी. तेथें मागाच्या वासावर ऋतूंचा व हवेचा काय परिणाम होतो हें सांगितलें आहे. हिंवाळ्यांत पहाटे दंव गोठलेलें असतां वास लागत नाहीं व कुत्र्यांचीं नाकें बधिर होतात. ऊन पडून थंडी विरली म्हणजे दोहोंस जाग येते. फार दहिंवर पडलें तर माग दबतो. वसंतांत वास उत्तम लागतो, परंतु जमीन फुलांनीं भरली असेल तर फुलांचा गंध मागाच्या गंधांत मिसळून कुत्र्यांस घोटाळ्यांत पाडितो. ससा थांबत थांबत दडणीकडे जातो म्हणून तो माग अधिक टिकतो. धांवत्या सशाचा माग लवकर उडतो. म्हणजे कुत्रा चुकला तर प्रत्येक वेळीं दोष कुत्र्याचाच असतो असें नाहीं. कधीं जमीन, कधीं हवा, कधीं वेळ साक्षीदारास अडवितें. साक्षीदारास दोष देण्यापूर्वीं त्यास काय दिसणें, किंवा येथें काय हुंगणें, शक्य होतें याचा विचार करावा, ही न्यायबुद्धि या प्रकरणांत आहे.

४. उत्तरकालीन ग्रंथांची साक्ष

झेनोफनच्या या विवेचनाची पारख त्याच्या उत्तराधिकाऱ्यांकडून होते. पहिला आरियन. त्याचा ग्रंथ नवव्या शतकांतील ज्या हस्तलिखितांत राहिला तें आज जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आहे. झेनोफनला केल्ट लोकांचे नजरेनें धांवणारे चपळ कुत्रे माहीत नव्हते, ही उणीव भरून काढण्यासाठीं आपण लिहितों, असें आरियन सांगतो. त्याची भूमिका भक्ताची आहे, आंधळ्या भक्ताची नाहीं. झेनोफनने घाऱ्या डोळ्यांस दोष मानिलें. आरियन आपली स्वतःची घाऱ्या डोळ्यांची कुत्री पुढें आणून तिचे गुण वर्णितो. तिचें नांव होर्मे, आणि हेंच नांव झेनोफनच्या यादींत आहे. नांव गुरूच्या पोथींतून घ्यावें आणि लक्षणाच्या बाबतींत गुरूस प्रत्यक्ष पुराव्यानें दुरुस्त करावें, हा पोथी वाचण्याचा उत्तम नमुना होय.

खुणेच्या मुद्द्यावरही आरियनची भर मोलाची आहे. सेगुसियन नांवाचे केल्ट कुत्रे नाकानें चांगले. परंतु कसलाही माग लागला, अगदीं शिळा असला तरी, आनंदानें इतके ओरडतात कीं तो त्यांस दोष देतो. त्यांचा आवाज केविलवाणा, म्हणून केल्ट लोक त्यांची तुलना वाटेवरच्या भिकाऱ्यांशीं करीत. झेनोफनच्या वर्गवारींत हे कुत्रे लबाड नव्हेत. त्यांस वास खरोखरच लागतो. परंतु ताजा व शिळा यांतील तारतम्य त्यांच्या आवाजांत नाहीं, म्हणून त्यांची साक्ष खरी असूनही निरुपयोगी ठरते.

दुसरा साक्षीदार फ्रान्समधला. फॉइचा काउंट तिसरा गास्तों, ज्यास फेब्युस म्हणत (१३३१ ते १३९१), यानें आपला मृगयाग्रंथ १ मे १३८७ रोजीं लिहावयास घेतला. त्याच्या चाळीसहून अधिक हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत. त्यांतील पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयाची ८७ चित्रांची प्रत जगप्रसिद्ध आहे. या ग्रंथांत हरणाच्या शिकारीपूर्वीं पहाटे एक माणूस एक कुत्रा दोरीवर धरून रानांत जातो. या कुत्र्यानें भुंकावयाचें नाहीं. दोरीच्या ताणानें व अंगाच्या ठेवणीनें तो जें सांगेल तें माणसानें वाचावयाचें, आणि तेवढ्यावर न थांबतां खुरांचा ठसा पाहावयाचा, झाडावर शिंगें घासल्याच्या खुणा पाहावयाच्या, लेंड्या आपल्या शिंगांत घालून आणावयाच्या व सकाळच्या मेळाव्यांत धन्यासमोर मांडावयाच्या. कुत्र्याच्या शब्दास वस्तूंचा आधार जोडल्यावांचून कोणत्या हरणामागें जावयाचें हें ठरत नाहीं. यॉर्कचा ड्यूक एडवर्ड यानें १४०६ ते १४१३ या अवधींत याच ग्रंथाचें इंग्रजींत रूपांतर केलें व त्यांत स्वतःचीं प्रकरणें घातलीं. तो १४१५ सालीं आझेंकूरच्या लढाईंत पडला.

तिसरा जॉन कायस हा इंग्रज वैद्य. त्याचा ब्रिटनमधील कुत्र्यांवरील लॅटिन निबंध १५७० सालीं छापला गेला व १५७६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. पक्षी सांपडला असतां जो कुत्रा आवाज न करतां थबकतो, पोट जमिनीस लावून सरपटतो आणि पक्ष्याची जागा पंजानें दाखवितो, त्यास तो 'इंडेक्स' म्हणतो. या लॅटिन शब्दाचा अर्थ दाखविणारा. आणि न्यायाच्या कामांत खबर देणारा असाही त्याचा अर्थ होतो.

तिघांचे देश व काळ निरनिराळे, सावजें निरनिराळीं, खुणांच्या रीतीही निरनिराळ्या. परंतु प्रत्येक ठिकाणीं प्रश्न तोच आहे : कुत्र्यानें सांगितलेलें खरें हें कशावरून समजावें. झेनोफनने हा प्रश्न नीट मांडला, हें त्याचें श्रेष्ठत्व.

५. शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न

तेराव्या प्रकरणांत ग्रंथकार एकाएकीं तत्कालीन सोफिस्ट नांवाच्या शिक्षकांवर तुटून पडतो. ते शब्दांचे कारागीर आहेत, विचारांचे नव्हत. ते श्रीमंत तरुणांची शिकार करितात, असा त्याचा आरोप आहे. सशाच्या शिकारीच्या ग्रंथांत हा मजकूर कशास आला, असा प्रश्न पडून अनेकांनीं तें प्रकरण उपरें मानिलें आहे.

आमच्या मतें तिसरें व तेरावें हीं दोन प्रकरणें समोरासमोर ठेवून वाचावीं. तिसऱ्यांत जो कुत्रा खोट्या मागावर मोठ्यानें भुंकून पुढारी होतो, आणि जाणत्यांस आवाजानें मागें रेटितो, त्याचेंच मानवी रूप तेराव्यांत उभें आहे. सशाच्या शिकारींत तरुणास काय शिकावयास मिळतें, तर सावज असेल तेथेंच खूण देणारा व नसेल तेथें गप्प राहणारा यांची पारख. ती पारख ज्यास आली त्यास गुरु निवडतांना ती उपयोगी पडावी, हा ग्रंथकाराचा हेतु दिसतो. यावरून हा ग्रंथ झेनोफनच्याच हातचा असें सिद्ध होत नाहीं. कर्तृत्वाचा निर्णय भाषेच्या व हस्तलिखितांच्या पुराव्यानेंच व्हावयाचा आहे. परंतु ज्यानें तिसरें लिहिलें त्याच्याच मनांत तेराव्याचा विचार होता, इतकें म्हणण्यास हा मेळ पुरेसा आहे. जोडकाम करणाऱ्या लेखकूस असला आंतला सांधा साधत नाहीं.

६. ग्रंथाची मुख्य उणीव

स्तुति इतकी केल्यावर दोषही सांगितला पाहिजे. खोट्या खुणेचीं मुळें कुत्र्याच्या स्वभावांत व शिक्षणांत आहेत हें झेनोफनने पाहिलें. परंतु शिकाऱ्याच्या स्वतःच्या इच्छेंतून खोटी खूण उत्पन्न होते हें त्यानें पाहिलें नाहीं. २०११ सालीं कॅलिफोर्नियांत वास शोधणाऱ्या कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांत कुत्रा व त्याचा माणूस अशा १८ जोड्या होत्या. शोधावयाचा पदार्थ कोठेंही ठेविलेला नव्हता. मात्र तो आहे असें माणसांस सांगितलें होतें, आणि कांहीं जागीं कागदाची खूण लावून तो तेथें असल्याचें भासविलें होतें. अशा स्थितींत एकही खूण मिळावयास नको होती. परंतु खोट्या खुणांची नोंद पुष्कळ झाली, आणि कागद लाविलेल्या जागीं ती अधिक झाली. माणसाच्या मनांत जें होतें तें कुत्र्याच्या साक्षींत उतरलें, किंवा माणसानेंच तें तेथें वाचलें.

हा प्रयोग झेनोफनची वर्गवारी पुरी करितो. जाणून फसविणारा व अजाणतां फसलेला यांच्या जोडीस तिसरा येतो : धन्यास जें हवें तें सांगणारा. कुत्रा धन्याच्या हातचें खातो, त्याच्यावर प्रेम करितो, असें झेनोफननेच लिहिलें आहे. तें प्रेमच कधीं साक्ष बिघडवितें, हा पुढचा विचार त्याच्याकडून राहून गेला. फेब्युसच्या काळीं लेंड्या व ठसे मेळाव्यांत मांडण्याची जी रीत पडली तिचें महत्त्व यावरून अधिकच कळतें. कारण ती साक्ष ज्याच्या हातांत दोरी नव्हती अशा माणसांनींही पाहिलेली असे.

७. आमच्याकडील परंपरा

शिकारी कुत्र्यास संस्कृतांत 'सारमेय' म्हणतात, तें इंद्राच्या सरमा या कुत्रीवरून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०८ व्या सूक्तांत ती चोरीस गेलेल्या गाईंचा माग काढीत पणींपर्यंत पोंचते. ते तिला बहीण म्हणून राहवून घेऊं पाहतात, आणि ती त्यांचा मोह धुडकाविते. परंतु 'बृहद्देवता' ग्रंथांत हीच कथा निराळी आहे. तेथें सरमा पणींचें दूध पिते, आणि इंद्रानें विचारल्यावर गाई पाहिल्या नाहींत असें खोटें सांगते. इंद्राच्या लाथेसरशीं दूध ओकून ती भीतीनें पणींकडे परतते, आणि तिच्या पावलांवरून इंद्र तेथें पोंचतो. खरें सांगणारी सरमा व दुधास फितलेली सरमा, अशा दोन्ही आमच्या परंपरेंत आहेत. आणि दुसरीच्या तोंडचें खोटें असलें तरी तिचीं पावलें खरें सांगतात, हें झेनोफनलाही मान्य झालें असतें.

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत सारमेयविनोद व मृगयाविनोद असे दोन विनोद आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले त्याचे भाग १९२५, १९३९ व १९६१ सालीं निघाले. त्यांतील गीतविनोदाकडे मराठीच्या अभ्यासकांचें लक्ष गेलें, तें योग्यच झालें. आतां सारमेयविनोदाकडेही जावें. रंग व जाती यांपलीकडे जाऊन, कुत्र्याच्या चेष्टेवरून माणसानें काय समजावयाचें या प्रश्नासह जावें.

उत्तरकाळीं सातारच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची कथा घरोघरीं माहीत आहे. त्यानें वाघापासून धन्याचा जीव वांचविला असें सांगतात; त्याची समाधि संगम माहुली येथें दाखवितात; आणि जरीचीं वस्त्रें व अलंकार घालून त्यास दरबारांत मिरविल्याची हकीकत ग्रांट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत आहे. या कथेंत कुत्र्याचा सन्मान आहे, परंतु त्यास कोणी, कसें व किती दिवस शिकविलें हें नाहीं. आमच्या बहुतेक संग्रहांची दृष्टि अशीच सन्मानावर असते. शिकारखान्याचे हिशेब, कुत्र्यांच्या खुराकाच्या याद्या, पारध्यांस दिलेल्या इनामांच्या नोंदी असे कागद ज्यांच्या दप्तरांत असतील त्यांनीं ते किरकोळ समजून बाजूस टाकूं नयेत. किती शेर मांस, किती महिन्यांच्या पिल्लास, कोणाच्या हातून, एवढी एक ओळ मिळाली तरी ती एखाद्या प्रशस्तीहून अधिक बोलकी होईल.

झेनोफनचा ग्रंथ याच कारणासाठीं वाचावा. त्यांतील कोल्ह्याच्या संकराची दंतकथा सोडून द्यावी, घाऱ्या डोळ्यांविषयींचा ग्रह आरियनप्रमाणें दुरुस्त करावा, आणि तिसऱ्या प्रकरणांतील खुणांची गणना हाताशीं ठेवावी. ती सशाच्या शिकारीसाठीं लिहिली आहे, परंतु जुना कागद हातांत घेऊन त्यांतील मोठा आवाज खऱ्या मागावरचा कीं शिळ्या, हें ज्यास ठरवावयाचें असतें, त्यासही ती तितकीच उपयोगाची आहे.